दिवसाआडचा ताप

आमच्या घराच्या दर्शनी भिंतीवर, दाराच्या उजव्या हाताला, सरकारची एक चौकट होती. कापलेला पत्रा भिंतीला धरून वर काळा रंग फासला की तिचे रकाने उमटायचे. पंधरवड्यातून एकदा हिवतापवाला सायकलवर यायचा, दारातूनच "ताप-गीप कोणाले?" असं विचारायचा, रकान्यात तारीख घालायचा, सही ठोकायचा आणि पुढच्या घरी जायचा. राज्य नवं होतं, जिल्हा परिषद त्याहून नवी. पिंपळगाव राजात अर्ध्या गावाला वीज नव्हती, पण चौकट प्रत्येक घराला होती. ज्याच्या झोपडीला मातीची भिंत नव्हती त्याच्या कुडावर पत्र्याची पाटी टांगून तिच्यावर ती उमटवली होती. सरकारला पोचायचं असलं की ते कुठंही पोचतं, हे मी तेव्हाच शिकलो.

मी मॅट्रिक झालो होतो आणि खामगावातल्या आमच्या चळवळीच्या मंडळींसाठी पत्रकं लिहायचो. पाण्यावर, रस्त्यावर, रेशनच्या ज्वारीवर. कोणी केलं ते आधी लिहा, रडगाणं मागून लिहा, असं आम्हाला शिकवलं होतं. म्हणून आधी तेच सांगतो. हिवतापवाल्यानं काही केलं नाही. तो सांगितलेलं काम करत होता. एकदा ओट्यावर पाणी पिताना तो म्हणाला, "साहेब जीपीतून उतरत नाही. भितीवरची तारीख वाचते. तारीख दिसली म्हणजे मी आलो. नाही दिसली म्हणजे मी घरी झोपलो. घरात कोणी मेलं तरी चालते, तारीख पायजे."

आणि तो हसला. मीही हसलो.

चौकटीच्या वर घरमालकाचं नाव होतं. ते आमच्या बापाचं होतं. बाप जाऊन दोन पावसाळे झाले होते. नाव बदलायचा हुकूम वरून आला नव्हता, म्हणून ते तसंच होतं.

घरात माय, माझा मोठा भाऊ आणि वहिनी. भावाला मी दादा म्हणतो. आमची विहिरीवरची भाजीपाल्याची बागायत होती. वांगी, भेंडी, थोडी मिरची. वहिनी सुलतानपूरची, म्हणजे जिल्ह्याच्या पार दुसऱ्या टोकाची. तिकडं बोलणं जालन्याच्या वळणावर जातं. ती 'मला, तुला' म्हणायची आणि माय तिला टोमणा मारायची, "मला-मला करते, पुण्याहून आणली का काय सून मी?" वहिनी म्हणायची, "पुण्याची असते तर भेंडी तोडाया आले असते का, आत्याबाई?" त्या दोघींचं बरं चाललं होतं. हे मुद्दाम लिहितो, कारण पुढचं वाचून माय वाईट होती असं कोणाला वाटेल. ती वाईट नव्हती. तिनं स्वतः आयुष्यभर ताप अंगावर काढून कामं केली होती, आणि ताप म्हणजे अंगावर काढायची गोष्ट असं तिला वाटत होतं.

भेंडी एक दिवस आड तोडावी लागते. एक दिवस जास्त राहिली की जून होते, मग बाजारात तिला कोणी हात लावत नाही. वांग्याला दम धरता येतो, भेंडीला नाही. आमच्या घराचं सगळं वेळापत्रक त्या पिकावर चालायचं. आज तोडणी, उद्या खुरपणी, परवा तोडणी.

वहिनीला पहिल्यांदा हीव आलं ते तोडणीच्या दिवशी. दात वाजायला लागले, दोन गोधड्या घातल्या तरी खाट हलत होती. मग अंग तव्यासारखं झालं, मग घाम, आणि दिवस मावळायच्या आत मोकळी. दुसऱ्या दिवशी ती खुरपं घेऊन सगळ्यांच्या पुढं होती. तिसऱ्या दिवशी पुन्हा तोडणी, आणि पुन्हा हीव.

त्यानंतर तसंच चाललं. तोडणीच्या दिवशी खाटेवर, मधल्या दिवशी धडधाकट.

"बाप्पा!" माय म्हणाली. "तोडणीच्या दिवशीच कसं येते बाई तुयं हीव? माया कानात सांगून येते, आज भेंडी हाय म्हणून?"

शेजारीण कुंपणावरून म्हणाली, "आमच्या मिरचीत धाडा तिले. ते रोज तोडाव लागते. हीव दमून जाईन."

वहिनी आधी हसली. पुढं पुढं हसली नाही. भेंडीला लव असते, तोडताना बोटं चावतात, दिवसभर खाज राहते. ते काम कोणालाच आवडत नव्हतं. त्यामुळं ती ते टाळते, हे पटायला सोपं होतं. मधल्या दिवशी ती जेवढं जास्त काम करायची तेवढं ते जास्त पटायचं. आजारी बाई असं खुरपते का? दादा भाकरी खायचा आणि बैल सोडायला जायचा.

हिवतापवाला त्याच्या पाळीला आला तेव्हा मी घरी होतो. मी सांगितलं, वहिनीला ताप येतो. त्यानं तिच्या बोटाला सुई टोचली, काचेच्या पट्टीवर रक्ताचा थेंब पसरवला, पट्टी कागदात गुंडाळून पेटीत ठेवली आणि तिला चार गोळ्या दिल्या. "या गोळ्यानं ताप दबन," तो म्हणाला. "मुळातून जायासाठी दुसरं औषध हाय, पाच दिवसाचं. पण ते काच वाचल्यावर. काचीत जंतू निघाले असा कागद आला का मी आणून देतो."

"कवा येईन कागद?"

"बुलढाण्याले जाते काच. तठून येईन."

ताप दबला. वहिनी भेंडी तोडायला गेली. माय म्हणाली, "पाह्य, सुई पाहून हीव पळालं." सगळे हसले. वहिनीही हसली. पुढच्या महिन्यात ताप परत आला, आणि आला तो तोडणीच्या दिवशीच. कागद आला नव्हता.

यावेळी माय टोमणा मारत नव्हती.  ते जास्त वाईट होतं. दवाखान्यातल्या डॉक्टरकडं मी वहिनीला घेऊन गेलो, तर तो म्हणाला, मुळातलं औषध माझ्याकडं येतच नाही, ते हिवतापवाल्यांच्या खात्यातून निकालावर मिळतं. तसा हुकूम आहे. त्यानं पुन्हा दाबायच्या गोळ्या दिल्या.

मी बुलढाण्याला गेलो. घाट चढून गेलं की हवा गार लागते. प्रयोगशाळा म्हणजे एक खोली होती. खिडकीपाशी उजेडाला जंतू पाहायची दुर्बीण मांडून एकजण मान वाकवून बसला होता. बाकी खोलीत काचांच्या पेट्या. भिंतीपासून दारापर्यंत पेट्या. मी आमच्या गावाची काच विचारली तर तिथला कारकून म्हणाला, "असेल."

"मग वाचा की."

"ओळीनं येईल."

"एवढ्या काचा कुठून आल्या?"

त्यानं मला समजावून सांगितलं. चांगला माणूस होता, चहा पाजला. वरून दर महिन्याला विचारणा होते, काचा किती घेतल्या. लोकसंख्येच्या मानानं ठरलेल्या काचा झाल्याच पाहिजेत, नाही तर खालच्याला मेमो. मग खालचा शाळेत जातो आणि पोरांना रांगेत उभं करून बोटं टोचतो. ताप असो नसो. त्या निरोग्या पोरांच्या काचा आमच्या वहिनीच्या काचेच्या पुढं होत्या.

"वाचल्या किती, हे विचारत नाहीत?"

"विचारतात. तो रकाना आहे. किती दिवसांनी वाचल्या हा रकाना नाही."

"मग उशीर?"

"रकाना नाही तर उशीर नाही," तो म्हणाला. त्याला ते गमतीचं वाटत नव्हतं.

मी म्हणालो, आमची तेवढी आधी काढा. दुर्बिणीवरचा माणूस पहिल्यांदा मान वर करून बोलला. त्याचे डोळे लाल होते. "तुमची आधी काढली तर जिची मागं जाईल तिच्या दिराला मी काय सांगू?"

मी घाट उतरून परत आलो. 

मी पत्रक काढलं. मथळा दिला, 'भिंतीला ताप येत नाही'. मागण्या लिहिल्या. दुर्बीण तालुक्याला द्या. निकाल आठवड्यात द्या. मुळातलं औषध दवाखान्यात ठेवा. तारखा मोजू नका, बरी झालेली माणसं मोजा. कोणाचं नाव लिहिलं नाही. खामगावच्या आणि आमच्या बाजारात वाटलं. एक म्हातारा म्हणाला, "भितीले ताप येत नाही हे आमाले माहीत हाय, लेका. तूच शिकेल हायस." त्याला वाचून दाखवलं तेव्हा म्हणाला, "हाव, खरं हाय. मंग आता काय करतं?"

पत्रकाचा परिणाम झाला, असं आमची मंडळी म्हणाली. चौकशी आली. जीप आली. साहेब खरोखर खाली उतरले आणि गल्लीतून चालत भिंती वाचत गेले. सगळ्या तारखा बरोबर होत्या. आमच्या भिंतीवरच्याही. हिवतापवाल्याला शाबासकी मिळाली. तो मला नंतर म्हणाला, "तुमच्या कागदानं माझं भलं झालं, भाऊ." मला राग आला असं मी इथं लिहू शकतो, मला त्याची सवय आहे. पण आला नाही. काहीच आलं नाही. मी त्याला पाणी दिलं.

भेंडीचा भर होता तेव्हा मायनं मजूर बाई लावली. त्या संध्याकाळी ती चुलीपाशी म्हणाली, "तिले सुलतानपूरले पोचवून दे. बरी झाली का येईन." दादाला म्हणाली, मला नाही. दादानं विचारलं नाही, किती दिवस. वहिनीनंही विचारलं नाही. तिनं भांडी घासून पालथी घातली. ती पालथी घालताना एवढंच म्हणाली, "मधल्या दिशी पोचवा. तोडणीच्या दिशी मला बसमधी हीव येईल."

त्यावर मायनं तोंड फिरवलं. आम्हाला सगळ्यांना कळलं होतं ती काय म्हणाली ते: भेंडी असो नसो, हीव त्या दिवशी येणारच.

वहिनी गेल्यावर कागद आला.

हिवतापवाला तो सायकलच्या पिशवीतून काढत ओरडतच आला, "निघाले! जंतू निघाले!" जसं कोणी पास झालं. कागदावर घराचा क्रमांक होता, आमच्या मेलेल्या बापाचं नाव होतं आणि पुढं 'स्त्री, वय बावीस'. वहिनीचं नाव नव्हतं. त्याच्या हातात औषधाची पुडी होती.

"बोलवा तिले."

"माहेरी गेली."

"कवा येते?"

 मी म्हणालो, द्या पुडी, मी सुलतानपूरला नेतो. त्यानं पुडी मागं घेतली. त्याच्यासमोर, या घरात, रोज गिळायची असा नियम होता. गिळली की तो सही करणार. पुडी हाती दिली आणि कोणी उकिरड्यावर टाकली, तर? असं झालेलं होतं म्हणे. "आणि सुलतानपूर माया भागात नाही. तठचा माणूस अलग हाय. तो देईन."

मी कागद घेऊन सुलतानपूरला गेलो. खामगाव, चिखली, मेहकर, बस बदलत. वहिनीच्या भावाच्या घरावरही चौकट होती, तशीच काळी, तसेच रकाने. तिथला हिवतापवाला गावातच सापडला. तरुण होता, माझ्याच वयाचा. त्यानं कागद उलटसुलट पाहिला.

"हे घर माझ्याकडं नाही."

"बाई तर तुमच्याकडं आहे."

"बाई इथल्या घरात धरलेली नाही. लग्न झाल्यावर तिकडं गेली ना. मी नवीन काच घेतो. निकाल आला की औषध."

"हा निकालच आहे."

"हा त्या घराचा निकाल आहे," तो म्हणाला.

आमच्याकडं बाया वर्षातून दोन-तीनदा तरी माहेरी जातात. आखाजीला, दिवाळीला, बाळंतपणाला, आणि आजारी पडल्या तर हमखास. ज्यांनी ही पद्धत आखली त्यांच्या घरात लेकी-सुना नव्हत्या काय? सरकारनं ताप घराच्या नावे लावला. घर जागचं हलत नाही म्हणून मोजायला सोपं. बाई हलते. सासरच्या भिंतीवर ती 'गावाबाहेर', माहेरच्या भिंतीवर ती पाहुणी. हे मी पुढं पत्रकातही लिहिलं.

वहिनी ओसरीवर बसली होती. गाल बसले होते. सगळं ऐकून ती म्हणाली, "म्हंजे माझ्या तापानं बसचं तिकीट काढायला पाहिजे व्हतं का, भाऊजी? तो पिंपळगावलाच राहिला व्हय?"

तिचा भाऊ मला पाहून आधीच तापला होता. "ज्यांनी धाडून दिली त्यांनी औषध इकडं आणून द्यावं. नाही तर राहू द्या."

"नवी काच दिली तर किती दिवस लागतील?" वहिनीनं विचारलं.

मी म्हणालो, "मागच्या वेळी लागले तेवढे."

 ती भावाकडं वळून म्हणाली, "पाच दिवस जाऊन येते."

"त्यांच्या दारात?"

"औषध त्यांच्या दारात हाय त्याला मी काय करू?"

येताना बसमध्ये तिला हीव भरलं. मी माझं उपरणं दिलं. शेजारची बाई म्हणाली, पोरीला काय झालं. वहिनी दात वाजवत म्हणाली, "भेंडी झाली." ती बाई काही समजली नाही.

माय दारातच उभी होती. तिनं कागद माझ्याकडून आधीच ऐकला होता. ती बाजूला झाली. हिवतापवाला रोज सकाळी यायचा, वहिनी ओट्यावर बसायची, त्याच्यासमोर गोळ्या गिळायची, तोंड उघडून दाखवायची. उपाशीपोटी घ्यायच्या नाहीत म्हणून माय आधी पोळी करायची. आमच्याकडं रोज भाकर असते, पोळी सणाला. वहिनी ती पोळी खायची.

मायनं हिवतापवाल्याला एकदा विचारलं, "तोडणीच्याच दिवशी कसं येऊन राह्यलं मंग?"

"जंतू रक्तात दिवसाआड फुटते, बुढे. तिच्या हातात हाय काय ते?"

"अन् भेंडी?"

"भेंडीचं मले काय इचारतं? तुयी भेंडी तुलेच माहीत."

माय खूप वेळ ओट्यावर बसून राहिली. भेंडी तिनंच आयुष्यभर दिवसाआड तोडली होती.

औषध संपलं. हिवतापवाल्यानं सही केली. मधे तोडणीचे दोन दिवस येऊन गेले होते आणि हीव आलं नव्हतं. माय खुशीत होती. तिनं वहिनीला म्हटलं, "उद्या तोडणी हाय. पण तू जाऊ नको. मजूर लावते मी. तू सावलीत बस, वांगे निवडून दे."

वहिनीनं बोचकं बांधलं होतं. "मी उद्याच्या गाडीनं जाते, आत्याबाई."

"काऊन? आता तं बरी झाली तू."

"हो."

"मंग?"

वहिनी दादाकडं पाहत होती. दादा दोरखंड वळत होता. ती म्हणाली, "कागद आला तवा माझा ताप खरा झाला. कागद यायच्या आधी मी इथंच व्हते. याच खाटंवर. दात वाजत व्हते, तुम्हाला ऐकू येत व्हते."

"आमाले काय समजते त्यातलं?" माय म्हणाली. "आमी अडाणी माणसं."

"ताप समजाया शिकाव लागतं का?" वहिनी म्हणाली. आवाज चढला नव्हता. तिनं मायच्या पायाला हात लावला आणि आत झोपायला गेली.

दादानं दोरखंड वळणं थांबवलं नाही. सकाळी त्यानंच तिला गाडीपर्यंत पोचवलं. परत येऊन तो तोडणीला गेला. मीही गेलो. भेंडी बरीच होती.

दोन महिन्यांनी दादा सुलतानपूरला गेला. एकटा परत आला. पोळ्यानंतर पुन्हा गेला, पुन्हा एकटा आला. तिथं ती भावाच्या मळ्यात काम करते, त्यानं सांगितलं. मेथी लावली आहे. अंग भरलं आहे.

मायनं त्याला जेवायला वाढलं आणि समोर बसली.

"हीव येते काय तिले?"

"नाही."

"एकदाबी नाही?"

"नाही म्हणे. रोज कामाले जाते."

"मंग येत काऊन नाही ते?"

दादानं भाकर मोडली. मायनं माझ्याकडं पाहिलं, कारण घरात शिकलेला मी होतो. मी ताटात पाहत राहिलो. ती उत्तराची वाट पाहत तशीच बसून होती, हातात वाढायची पळी घेऊन.